दोन ताटल्यांचा निकाल

माझ्या वडिलांच्या मेंदूतल्या गाठीचा तुकडा मी थर्मासमधून नेला. हे मी सहसा कुणाला सांगत नाही. ऐकणारा एक तर दचकतो, नाही तर कौतुक करतो, आणि मला दोन्ही सोसत नाही.

ते सत्त्याण्णव साल. मी पुण्यात एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करत होते, तिसरं वर्ष चालू होतं. मेंदूतल्या गाठीच्या पेशी एका जागी का राहत नाहीत, हा माझा विषय. मेंदूच्या गाठींतली एक जात फार अवलक्षणी असते. वाढता वाढता तिच्या कडेच्या पेशी सुटतात आणि चांगल्या मेंदूत चालत जातात, एकेक दोनदोन करून. सर्जननं गाठ कितीही निगुतीनं कोरून काढली तरी या चालून गेलेल्या पेशी त्याला दिसत नाहीत. पुढं सहा-आठ महिन्यांत त्याच परत गाठ उभी करतात. त्यांना चालायला लावणारं एक प्रथिन असतं. शास्त्रज्ञांनी त्याला 'पांगवणारा घटक' अशा अर्थाचं नाव दिलेलं आहे, आणि मलाही त्याहून चांगलं सुचलेलं नाही. हे प्रथिन पेशीच्या अंगावर एका ठरावीक जागी येऊन चिकटतं आणि तोवर शेजारणीला धरून बसलेली पेशी हात सोडून निघते.

प्रयोगाला ताज्या गाठी लागत. आमच्या सरांचं एका मोठ्या हॉस्पिटलमधल्या मेंदूच्या सर्जनशी ठरलेलं होतं. ऑपरेशन असलं की तिथून फोन यायचा आणि मी थर्मासमध्ये बर्फ, बर्फात एक नळी असा सरंजाम घेऊन ऑपरेशन थिएटरच्या बाहेर जाऊन बसायचे. थर्मास चहाचाच होता. बाकावरचे नातेवाईक कधी कधी विचारत, ताई, घोटभर मिळंल का. मी नाही म्हणायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. त्यांच्या चेहऱ्यांकडे बघायचं नाही, हे मी पहिल्या महिन्यातच शिकले होते. मे महिन्यापर्यंत माझ्याकडे असे सोळा तुकडे झाले होते आणि मी फुशारकीनं सगळ्यांना आकडा सांगत होते.

सतरावा तुकडा माझ्या वडिलांचा.

नाना म्हणजे मिरजगावचे रंभाजी गुरुजी. जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं गणित आणि विज्ञान शिकवून चौऱ्याण्णवला निवृत्त झाले. छप्पन्न साली, धर्मांतर झालं तेव्हा, ते वीस वर्षांचे होते. घरातले देव त्यांनी स्वतः टोपलीत भरून सीनेच्या पात्रात नेऊन सोडले, बुद्धाचा धम्म घेतला आणि त्यानंतर करून पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवला नाही. एकदा शेजारच्या गावात एक जण काविळीवर मुळी बांधायला लागला आणि अख्खा तालुका तिकडे लोटला. नानांनी वही केली. दोन वर्षं तीस घरं लिहून काढली, मुळी बांधलेली पंधरा आणि न बांधलेली पंधरा. दोन्हीकडची माणसं सारखीच बरी झाली. त्यांनी ती वही ग्रामसभेत वाचून दाखवली. लोक मुळी बांधायला जायचे ते जातच राहिले, पण नाना त्या रात्री शांत झोपले म्हणे.

एप्रिलअखेरीला त्यांची सायकल डावीकडे ओढायला लागली. त्यांनी सायकलच दुरुस्त करून आणली. मग शर्टाची बटणं चुकायला लागली, सकाळी उठल्याबरोबर उलटी व्हायला लागली, डावा पाय फरफटायला लागला. गावानं लकवा ठरवून टाकला. माझा भाऊ चेतन त्यांना नगरला घेऊन गेला, तिथं डोक्याचा स्कॅन झाला आणि फिल्म घेऊन तो पुण्याला माझ्याकडे आला. मी ती खिडकीच्या उजेडात धरली. उजव्या बाजूला मधे काळं आणि भोवती पांढरी कडा. मला फिल्म वाचता येते हे माझं दुर्दैव. चेतन विचारत होता, काय गं, काय हाय, आणि मी त्याला म्हणाले की डॉक्टरांना दाखवू.

नऊ जूनला ऑपरेशन झालं. आमच्याच त्या सर्जननं केलं. थिएटरबाहेरच्या बाकावर आई, चेतन आणि मी बसलो होतो आणि माझ्या मांडीवर तो थर्मास होता. आईला वाटलं मी नानांसाठी काही आणलंय. हॉस्पिटलची पद्धत अशी होती, की काढलेली गाठ बाटलीत घालून नातेवाइकाच्या हातात द्यायची आणि त्यानं ती खाली तळघरात तपासणीला नेऊन पोचवायची. सिस्टर बाहेर आल्या. नातेवाईक कोण, म्हणाल्या. मी हात वर केला. लॅबचं कोण आलंय, म्हणाल्या. मी पुन्हा हात वर केला. त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं आणि दोन वेगवेगळ्या कागदांवर माझ्या सह्या घेतल्या. बाटली चेतननं तळघरात नेली. नळी मी बर्फात खोचली आणि रिक्षानं लॅबमध्ये गेले. आई एकटीच बाकावर बसून राहिली. हे मला आज आठवलं की माझा मलाच राग येतो, पण तेव्हा डोक्यात एकच होतं, तासाच्या आत पेशी लावल्या पाहिजेत.

चौथ्या दिवशी नाना उशीला टेकून बसले होते. डोक्याला पांढरं मुंडासं, डोळे सुजलेले, पण बुद्धी लख्ख. आई आणि चेतन जेवायला खाली गेले होते. नाना सरकून कडेला झाले आणि मला कॉटवर बसायला जागा करून दिली. शाळेत विस्तार अधिकारी आले की ते असेच स्वतःची खुर्ची सोडायचे. मला म्हणाले, तू तीन वर्षं काय करतीस ते मला नीट कधी सांगितलंच न्हाई, आता सांग, आता मला त्याची गरज हाय.

मी सांगितलं. आमच्याकडे दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, तर त्याच भाषेत सांगितलं. म्हटलं, पेशी म्हणजे घरी बसलेली माणसं. प्रथिन म्हणजे मुकादम. त्यानं हाक दिली की घर सोडून निघायचं, आणि एकदा माणसं निघाली की कुठल्या कुठल्या कारखान्यावर पांगतील ते सांगता येत नाही. नाना डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाले, "मंग मुकादमालाच येशीवर अडवला तर?"

आता सांगा, मी काय करायचं होतं. जे समजायला मला दोन वर्षं आणि पन्नास शोधनिबंध लागले ते या माणसानं डोक्याला टाके असताना पाच मिनिटांत गाठलं.  मी म्हटलं, नाना, तेच तर करतेय मी. परदेशातून एक कुपी मागवलीय. त्यातलं औषध त्या प्रथिनाला वाटेतच धरतं. काचेच्या ताटलीत पेशींचा थर वाढवायचा, मधोमध एक रेघ ओरखडायची आणि किती पेशी रेघ ओलांडून पलीकडं जातात ते दुसऱ्या दिवशी मोजायचं. औषध घातलेल्या ताटलीत कुणीच ओलांडत नाही.

"कुनीच न्हाई?"

"जवळजवळ कुनीच न्हाई."

"किती वेळा करून बघितलं?"

"लई वेळा," मी म्हणाले.

दोन वेळा केलं होतं. एकदा बारा मेला आणि एकदा वीस मेला, तेही दुसऱ्याच कुणाच्या पेशींवर. तिसऱ्या ताटलीत बुरशी आली म्हणून मी ती फेकून दिली होती. लॅबमध्ये कुणी विचारलं असतं तर मी चटकन 'दोन' म्हणाले असते, कारण तिथं खोटं पचत नाही. पण वडिलांनी मला कॉटवर जागा करून दिली होती. ते माझ्याकडे असं बघत होते, की मला 'दोन' म्हणायची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी गेले तर शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला नाना मुकादमाची गोष्ट सांगत होते. मला बघून म्हणाले, हीच ती. मी हसले. मनाशी म्हटलं, किरणांचा शेक सुरू झाला की यांना सगळं नीट समजावून सांगू, घाई कसली.

तपासणीचा अहवाल आला. सगळ्यात वाईट दर्जाची गाठ. डॉक्टरांनी मला आणि चेतनला बाहेर बोलावून सांगितलं, की शेक घेतला तर वर्षभर मिळेल, कदाचित थोडं जास्त, न घेतला तर तीन-चार महिने. शेक म्हणजे किरणांचा उपचार. सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, पुण्यात राहून. टाके सुकायला घरी जा आणि सात जुलैला हजर व्हा. नानांनाही त्यांनी न लपवता सांगितलं, की गाठ वाईट आहे, शेक घ्यावा लागेल, आणि शेकानं आजूबाजूचा चांगला मेंदूही थोडा भाजतो, विसरायला होतं, विचार मंद होतो. नानांनी मान हलवली. मी ती होकाराची समजले.

पाच जुलैला चेतनचा एसटीडी बूथवरून फोन आला. नाना यायला तयार नाहीत. शेक घेणार नाही म्हणतायत. जयाचं, म्हणजे माझं, औषध निघेपर्यंत थांबतो म्हणतायत.

मी त्याच दिवशी एसटीनं गावी गेले. नाना ओट्यावर बसून मला म्हणाले, आलीस का, बस. त्यांचा हिशोब तयार होता. शेक घेऊन चांगल्या पेशी भाजायच्या, चालून गेलेल्या वाईट पेशी कुठं आहेत ते मशिनला माहीत नाही, म्हणजे हा अंधारात गोफण मारण्याचा प्रकार. त्यापेक्षा मुकादमालाच अडवणारं औषध बरं, ते फक्त वाईट पेशींना लागू होतं. सगळं बरोबर होतं. पायाच खोटा होता, आणि तो मी घातला होता.

मी दिवसभर बोलले. औषध ताटलीत चालतं, माणसात चालेलच असं नाही, म्हटलं. उंदराला दिलेलं नाही, माणसाला द्यायला दहा वर्षं लागतील, म्हटलं. डॉक्टरांचं ऐका, म्हटलं. रडलेसुद्धा. नाना म्हणाले की तू भितीस, नवीन काही सापडलं की माणूस आधी भितोच, पण लई वेळा झालेली गोष्ट खोटी नसती. आई स्वयंपाकघरातून मला म्हणाली, "बाई, ते तुझं सोडून कुनाचं खरं मानत न्हाईत. तूच त्यांना काढ ह्यातनं." आणि मी आईला म्हणाले, काढते. मी सगळं बोलले होते. फक्त एक आकडा बोलले नव्हते.

का बोलले नाही? त्या वेळी मी स्वतःला फार शहाणपणाचं कारण दिलं. लॅबमध्ये नानांच्या स्वतःच्या पेशी वाढत होत्या, क्रमांक सतरा. म्हटलं, त्यांच्याच पेशींवर प्रयोग करू. पेशी थांबल्या नाहीत तर पुरावा घेऊन येऊ आणि त्यांना शेकाला नेऊ. नाना पुराव्यापुढं मान तुकवणारच. आणि थांबल्या तर... तिथं मी विचार सोडून द्यायचे, पण सोडायच्या आधी तो छान गोड लागायचा. आमच्या धंद्यातल्या माणसाला ही खोडच असते. तोंडानं खरं बोलायचं सोडून तो आकडे गोळा करायला जातो. डॉक्टर म्हणाले होते, दोन आठवडे उशीर चालेल, त्यापेक्षा जास्त नको. मला पाच लागले.

सतरा नंबरच्या पेशी हळू वाढत होत्या. दर तिसऱ्या दिवशी त्यांना गुलाबी पाणी बदलून द्यायचं, तेच त्यांचं अन्न. सूक्ष्मदर्शकाखाली त्या लांबट, दोन्हीकडं निमुळत्या दिसायच्या. मी त्यांना नाना म्हणायचे नाही, एवढी तरी अक्कल होती. पण पाणी बदलताना हात हलके पडायचे, हे खरं. तीन ताटल्या भरतील एवढ्या पेशी व्हायला जुलै संपत आला. तोवर चेतनचे फोन येत होते. डावा हात उचलत नाही. कालपासून दोनदा पडले. तुझं काय झालं, विचारतायत.

मी रेघा ओढल्या, औषध घातलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं. तिन्ही ताटल्यांत रेघ कोरी. एकही पेशी ओलांडलेली नव्हती. मी खुर्चीत बसून रडले, आनंदानं. खाली जाऊन गावाला फोन लावणार होते. बूथवर रांग होती म्हणून परत आले, एवढंच माझं नशीब. तिसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही ताटल्यांत रेघ भरून गेली होती. कुपीत औषध उरलं होतं ते मी आणखी घातलं. त्या चालतच राहिल्या. एक मुकादम अडवला तर त्यांनी दुसऱ्याची हाक ऐकली होती. असे मुकादम किती असतात ते तेव्हा कुणालाच नीट माहीत नव्हतं.

सरांना दाखवलं. ते म्हणाले, छान आहे, छापण्यासारखा निकाल आहे. त्यांना सतरा नंबर कुणाचा ते माहीत होतं. पण ते खरंच खूश झाले होते आणि मीही त्यांच्या जागी झाले असते.

नऊ ऑगस्टला दुपारी मी मिरजगावला पोचले. आई दळण घेऊन गिरणीत गेली होती, चेतन कामावर होता. नाना ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. दोन महिन्यांत निम्मे झाले होते. तोंड डावीकडे उतरलं होतं आणि बोलताना शब्द चावल्यासारखे येत होते, पण मला बघून त्यांनी उजव्या हातानं जवळची चटई सारखी केली. पाणी प्यायच्या आधीच मी सांगून टाकलं.

"नाना, औषध चालत न्हाई."

"कशावरनं?"

"तुमच्याच पेशींवर करून बघितलं. एक दिवस थांबल्या. दुसऱ्या दिवशी चालायला लागल्या."

"किती ताटल्या?"

"तीन."

त्यांनी मान हलवली. वर्गात पोरानं उत्तर चुकवलं की हलवायचे तशी, न रागावता. म्हणाले, "तिनावरनं कसं काय ठरवतीस? आदी लई वेळा थांबल्या. आता तीनदा चालल्या. मंग लईचं खरं धरायचं का तिनाचं? आनखी कर. पंदरा-वीस झाल्या की मंग सांग मला."

गणित बरोबर होतं. छत्तीस वर्षं त्यांनी पोरांना हेच शिकवलं होतं, आणि त्याच गणितानं ते मरायला बसले होते. माझ्याकडे दुसरं काहीच उरलं नव्हतं.

"लई न्हवत्या, नाना," मी म्हणाले. "दोन हुत्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर ठेवला, बोटं एकेक करून सरळ केली. हायवेवरून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला. मला वाटलं ते ओरडतील. मला तेच हवं होतं, खरं सांगायचं तर. एक सणसणीत मुस्कटात बसली असती तर मी सुटले असते.

"दोन," ते म्हणाले.

"व्हय."

"त्या दिवशी तेवढं सांगायचं हुतं, बाय."

 आई पिठाचा डबा डोक्यावर घेऊन येताना दिसली तेव्हा नाना म्हणाले, चेतनला सांग, जीप ठरीव, पुन्याला जायचं हाय.

सोमवारी पुण्यात दुसरा स्कॅन झाला. मेंदूच्या दोन्ही बाजूंना जोडणारा जो पट्टा असतो त्यातून पेशी डावीकडे पोचल्या होत्या आणि तिथंही गाठ धरायला लागली होती. डॉक्टरांनी फिल्म माझ्याच हातात दिली, कारण मला वाचता येते हे त्यांना ठाऊक होतं. म्हणाले, आता शेकाचा उपयोग नाही, उगाच हाल होतील, घरी घेऊन जा. जुलैमध्ये आला असता तर, असं म्हणाले आणि थांबले. नानांनी ते ऐकलं. त्यांची बुद्धी जायला अजून तीन आठवडे होते.

घरी आल्यावर त्या संध्याकाळी व्हायचं ते झालं. आईनं डॉक्टरला शिव्या दिल्या, मशिनला दिल्या, मग भिंतीला पाठ लावून बसली. चेतन माझ्याकडे वळला. तो तसा माझ्यापुढं कधी बोलत नाही, पण त्या दिवशी त्याचा आवाज चढला होता. म्हणाला, "तू तितंच हुतीस. तुला सगळं कळत हुतं. त्या औषधाचं त्यांच्या डोक्यात भरवलं कुनी?"

मी सांगणार होते. मी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात खाटेवरून नाना बोलले, एकेक शब्द जुळवत.

"तिला बोलू नको. तिनं मला दवाखान्यातच सांगितलं हुतं, दोनच ताटल्या हायेत, भरवसा धरू नका, शेक घ्या म्हनून. मीच ऐकलं न्हाई."

चेतननं मान खाली घातली. आई तोंडावर पदर घेऊन रडायला लागली, आणि रडता रडता त्यांनाच बोल लावायला लागली, की जन्मभर असंच केलं, आपलंच खरं केलं. नाना छताकडे बघत पडून होते. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मला आधी काय वाटलं ते मी इथं सांगते, कारण दुसरीकडे कुठं सांगायची सोय नाही. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर आली. ज्या माणसानं काविळीच्या मुळीपायी दोन वर्षं वही भरली, त्यानं माझ्यासाठी पहिल्यांदा खोटं सांगितलं, आणि मी उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

त्यानंतर ते सहा आठवडे जगले. शेवटचे तीन त्यांना कुणी ओळखू येत नव्हतं. आईला ते बाई म्हणायचे आणि मला काहीच नाही. एकवीस सप्टेंबरला सकाळी गेले. पाचव्या दिवशी बौद्ध पद्धतीनं पुण्यानुमोदन झालं. वंदना झाली आणि मग लोक बोलायला उभे राहिले. त्यांचा एक जुना विद्यार्थी, आता राहात्याला मास्तर आहे, तो म्हणाला की गुरुजी उभ्या आयुष्यात एक अक्षर खोटं बोलले नाहीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही बोलायला सांगितलं होतं. मी आवाज बसलाय म्हणून सांगितलं.

सतरा नंबरच्या पेशी पुढं दोन वर्षं जगल्या. त्यांच्यावर मी तोच प्रयोग अकरा वेळा केला. अकराही वेळा एक दिवस थांबल्या आणि मग चालायला लागल्या. कुणी विचारलं असतं तर मी आकडा लगेच सांगितला असता, पण विचारणारा माणूस राहिला नव्हता. प्रबंधात त्यांचा तक्ता आहे, खाली टीप आहे, पुरुष, वय एकसष्ट, शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार घेतले नाहीत. का घेतले नाहीत ते लिहायला रकाना नव्हता.

निन्याण्णवच्या मार्चमध्ये मला डॉक्टरेट मिळाली आणि मी प्रबंधाची एक प्रत घेऊन गावी गेले. आईला वाचता येत नाही. तिनं हात पदराला पुसले, पुठ्ठ्यावरून हात फिरवला, आत कुठं नानांचं नाव आहे का विचारलं. मी पहिल्या पानावरचं दाखवलं, 'माझ्या वडिलांना'. तिनं त्यावर बोट ठेवून थोडा वेळ धरलं. मग प्रबंध फळीवर ठेवून ती चुलीपुढं बसली आणि मला जेवायला बसवलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "येवढी शिकल्याली पोरगी कानीकपाळी वरडत हुती, शेक घ्या, शेक घ्या. पन ऐकलं न्हाई. वरीसभर तरी दिसलं असतं मानूस. लई हट्टी."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी काही म्हणेन म्हणून थांबली.

"व्हय," मी म्हणाले, "हट्टीच हुते."

आईनं तव्यावरची भाकरी काढून माझ्या ताटात टाकली. मी ती खाल्ली.